सायलेन्सर बदलला, हे इंजिनाला कुणी सांगितलं?

‘स्टेज वन’ हा शब्द आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. तालुक्याच्या गावात, बसस्टँडमागच्या गॅरेजातही तो ऐकू येतो. अर्थ सगळीकडे एकच. कंपनीचा सायलेन्सर काढायचा, मोकळा सायलेन्सर लावायचा, कागदी एअर फिल्टरच्या जागी कापडी किंवा फोमचा फिल्टर बसवायचा आणि म्हणायचं, ‘झाली गाडी मोकळी!’ तासाभराचं काम. बिलावर तीन ओळी: सायलेन्सर, फिल्टर, मजुरी.

चौथी ओळ नसते. इंजिनात शिरणारी हवा बदलली की पेट्रोलचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. चौथी ओळ त्या कामाची असायला हवी. ती नसते, कारण ते काम येणारे कमी आहेत, त्याला यंत्र लागतं, वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाने ते मागितलेलंच नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर मोजमाप न करता सायलेन्सर आणि फिल्टर बदलणं याला ट्यूनिंग म्हणत नाहीत. तो नवस आहे. स्वतःच्या गाडीसाठी स्वतः बोललेला नवस एक वेळ समजू शकतो. पण दुसऱ्याच्या नवसाचे पैसे घेऊन वर ‘पाच हॉर्सपॉवर वाढली, भाऊ’ असं छातीठोक सांगणं ही फसवणूक आहे.

माझा राग गाडी बदलणाऱ्या पोरांवर नाही, हेही आधीच सांगून टाकतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, हप्त्यावर घेतलेली गाडी, पगारातून नाहीतर डिलिव्हरीच्या फेऱ्यांतून बाजूला काढलेले पंधरा-वीस हजार. शिक्षण, नोकरी, राहायची खोली, सगळं मिळेल ते घेतलेलं. एक गाडी तेवढी मनासारखी करावी असं त्याला वाटतं. यात चूक काय? चूक त्या हौसेची नाही. त्या हौसेच्या बदल्यात त्याच्या हातात जे ठेवलं जातं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

गाडी हवा मोजत नाही

कार्ब्युरेटर साधा होता, पण त्याला हवा कळायची. त्याच्या गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब पडायचा आणि त्या दाबाने पेट्रोल जेटमधून वर ओढलं जायचं. हवा वाढली की पेट्रोलही थोडंफार वाढायचं. तरीसुद्धा सायलेन्सर बदलला की जुना मिस्त्री मेन जेट एक-दोन नंबरने मोठा घालायचा, सुईची क्लिप एक खाच सरकवायचा, गाडी चार किलोमीटर पळवून आणायचा आणि प्लग काढून बघायचा. प्लग पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, विटकरी-तपकिरी म्हणजे जमलं. पद्धत ढोबळ होती, पण ते मोजमापच होतं. बदल केला, तपासला, पुन्हा बदलला.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी आला ईसीयू, म्हणजे सीटखाली किंवा टाकीजवळ बसणारा छोटा संगणक. थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिन किती फिरतंय, आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान काय आहे, इंजिन किती गरम आहे, हे तो सेन्सरकडून विचारतो. त्यावरून हवा किती असेल याचा अंदाज बांधतो. अंदाजच, कारण आत जाणारी हवा थेट मोजणारा सेन्सर अनेक कारमध्ये असतो, पण बहुतेक मोटारसायकलींमध्ये नसतो.

मग पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू कसं ठरवतो? त्याच्याकडे पाढ्यासारखा एक तक्ता असतो. एका बाजूला थ्रॉटल, दुसऱ्या बाजूला आरपीएम, आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक आकडा. त्या आकड्यावरून ठरतं की इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडा ठेवायचा. यालाच आपण ‘मॅप’ म्हणतो. कंपनीने हा तक्ता भरला तेव्हा गाडीवर कंपनीचा सायलेन्सर होता, कंपनीचा एअरबॉक्स होता आणि कंपनीचा फिल्टर होता.

आता तुम्ही सायलेन्सर आणि फिल्टर बदलला. समजा ६,००० आरपीएमला, पूर्ण रेसवर, आधीपेक्षा सात टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये शिरू लागली. थ्रॉटलचा सेन्सर पूर्वीचंच सांगतोय. आरपीएमही तेच. पूर्ण थ्रॉटलवर आतल्या हवेचा दाब आधीही बाहेरच्या हवेइतकाच होता, आताही जवळपास तितकाच आहे. म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तो त्याच चौकटीतला तोच आकडा वाचतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. आधी १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल होतं, आता ते १३.९ ला १ झालं. मिश्रण ‘लीन’ झालं. सायलेन्सर बदलल्याचं इंजिनाला कुणी सांगितलंच नाही.

हे प्रत्येक आरपीएमला सारखंही होत नाही. कुठे हवा सात टक्क्यांनी वाढते, कुठे दोन, आणि कुठे चक्क कमी होते. तिथे तोच जुना तक्ता जास्त पेट्रोल ओततो. म्हणून ‘सगळीकडे दहा टक्के वाढवून देतो’ हाही इलाज नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देण्यासारखं ते आहे.

‘ओटू सेन्सर बघून घेईल’

यावर दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: ‘भाऊ, बीएस-६ गाडी आहे. ओटू सेन्सर सगळं ॲडजस्ट करतो.’ अर्धसत्य खोट्यापेक्षा जास्त नुकसान करतं, त्याचं हे उदाहरण.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. गाडीच्या बेंड पाईपमध्ये बसवलेला साधा ऑक्सिजन सेन्सर या रेषेवर नजर ठेवतो. त्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या मध्ये हलतो. कमी व्होल्टेज म्हणजे पेट्रोल कमी, जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे एवढंच तो सांगतो. रेषेपासून किती लांब आहोत हे त्याला सांगता येत नाही. कुठलं पारडं जड आहे ते दाखवणारा, पण किती जड आहे ते न दाखवणारा तराजू समजा.

गाडी ट्रॅफिकमध्ये हळू चालली आहे किंवा हायवेवर एका लयीत निघाली आहे, तेव्हा ईसीयू या सेन्सरचं ऐकतो आणि पेट्रोल सतत थोडं कमी-जास्त करत राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नीट काम करायला हेच हवं असतं. पण तुम्ही पूर्ण रेस दिलीत की ईसीयू त्याचं ऐकणं थांबवतो. तिथे इंजिनाला ताकद हवी असते आणि थंडावाही हवा असतो, त्यामुळे मिश्रण १४.७ पेक्षा बरंच दाट, १३ च्या आसपास किंवा खाली ठेवावं लागतं. ते काम एकट्या तक्त्यावर चालतं. काही ईसीयू हळू चालताना शिकलेली दुरुस्ती पुढेही थोडी नेतात. पण ती शिकवणी अर्ध्या-पाव थ्रॉटलवरची असते, आणि सायलेन्सर-फिल्टरचा खरा फरक पडतो पूर्ण थ्रॉटलवर.

म्हणजे बघा. मागे माणूस बसवून, एप्रिलच्या उन्हात, पूर्ण रेसवर तुम्ही खंबाटकी चढताय. इंजिनावर सगळ्यात जास्त ताण आहे. आणि ज्या सेन्सरच्या भरवशावर दुकानदाराने तुम्हाला घरी पाठवलं, तो नेमका तिथेच गप्प आहे. ताणाखाली मिश्रण लीन झालं की ज्वलनाचं तापमान वाढतं आणि नॉकिंगचा धोका वाढतो. पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना ते सोसावं लागतं. नॉकिंग ओळखणारा सेन्सर आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत नसतो. इंजिन एका दिवसात फुटत नाही, ही यातली खरी अडचण. नुकसान सावकाश होतं. दोन वर्षांनी ऑइल प्यायला लागलेल्या गाडीचा संबंध त्या तासाभराच्या कामाशी कुणीच लावत नाही.

यात पेट्रोलचीही भर पडली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, ९ भागांना १. त्यामुळे अशा मिश्र इंधनाचं प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतं. तक्ता जुन्या इंधनासाठी भरलेला असेल तर तेवढाच वेळ उघडणारा इंजेक्टर आता कमी पडतो. इथेनॉल, मोकळा सायलेन्सर, मोकळा फिल्टर, तिघंही ढकलतात ते एकाच बाजूला. कंपनीने मॅपमध्ये ठेवलेली सुरक्षेची गाळलेली जागा तिघं मिळून खाऊन टाकतात.

गॅरेजातले सुविचार

या धंद्यात काही वाक्यं इतक्या वेळा बोलली गेली आहेत की ती आता सुविचारांसारखी भिंतीवर लावायची बाकी आहेत.

पहिलं: ‘कंपनीने गाडी मुद्दाम दाबून ठेवलेली असते.’ दाबून ठेवलेली असते, हे खरं. पण कशासाठी? आवाजाची मर्यादा पाळायला, धुराची मर्यादा पाळायला, लडाखच्या थंडीत आणि चंद्रपूरच्या उन्हात तीच गाडी चालावी म्हणून, भेसळीच्या पेट्रोलवरही इंजिन टिकावं म्हणून. यातली काही बंधनं तुम्हाला नको असतील. पण कुठलं बंधन सोडवताय हे आधी कळायला हवं. सगळे स्क्रू सैल केले म्हणून यंत्र स्वतंत्र होत नाही.

दुसरं: ‘बॅक प्रेशर हवंच.’ याच्या नेमकं उलटं, ‘बॅक प्रेशर शून्य केलं की पॉवर’ असंही तेच लोक दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात. इंजिनाला मागचा दाब नको असतो, दाबाच्या लाटेची वेळ जमलेली हवी असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की पाईपमधून दाबाची लाट धावते. पाईप जिथे रुंदावतो तिथून ती उलटी, ओढणारी लाट होऊन परत येते. ती दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना पोहोचली तर जळका वायू बाहेर खेचते आणि ताजी हवा आत घेते. वेळ चुकली तर घोटाळा करते. पाईपची लांबी आणि व्यास यांवर ती वेळ ठरते. म्हणून एकाच आरपीएमला फायदा देणारा पाईप दुसऱ्या आरपीएमला खड्डा पाडतो. जाड पाईप लावल्यावर टॉपला बरी वाटणारी गाडी शहरात तिसऱ्या गिअरवर मेल्यासारखी का होते, याचं उत्तर इथे आहे.

तिसरं: ‘फटाके वाजतात म्हणजे गाडी रेसिंग झाली.’ रेस सोडल्यावर वाजणारे फटाके म्हणजे न जळलेलं पेट्रोल गरम पाईपमध्ये जाऊन पेटणं. बरेचदा कारण असतं नव्या पाईपचा जोड नीट न बसणं. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आत स्फोट होतात. तीच फट ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल तर आणखी गंमत. सेन्सरला बाहेरचा ऑक्सिजन दिसतो, तो ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणून ओरडतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि मायलेज घसरतं. वीस-तीस रुपयांच्या गॅस्केटचं काम, आणि मालक अभिमानाने व्हिडिओ टाकतोय. काही ठिकाणी तर फटाके वाजावेत म्हणून मुद्दाम मॅप बनवून देतात. रेस सोडल्यावरही पेट्रोल सोडायचं, ठिणगी उशिरा द्यायची. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

चौथं भिंतीवर कुणी लावणार नाही, पण मनात सगळ्यांच्या आहे: आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली. कान ताकद मोजत नाही. हे कुणाला पटत नसेल तर खिशातला फोन काढा. सुरक्षित, सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ७० जाताना मागे बसलेल्या मित्राला मीटरचा व्हिडिओ काढू द्या. सायलेन्सर बदलण्याआधी तीन वेळा, बदलल्यानंतर त्याच रस्त्यावर त्याच मित्राबरोबर तीन वेळा. सेकंद मोजा. फुकटचा प्रयोग आहे. एकाही दुकानदाराने तो सुचवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि फिल्टर. तो मोकळा असणं म्हणजे त्यातून हवा सहज जाणं. पण हवा सहज जाते तिथून धूळही सहज जाते. दोन्ही एकाच जाळीतून गाळायचं आहे. चांगला, तेल लावलेला कापडी फिल्टर वेळच्या वेळी धुतला, मोजकं तेल लावलं तर ठीक चालतो. पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची धूळ, कोकणातली जांभ्याची लाल माती, रस्ता रुंदीकरणाचा कायमचा फुफाटा यांत रोज चालणाऱ्या गाडीवर तो दर महिन्याला धुणार कोण? धुळीतले वाळूचे कण सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखं काम करतात. एअरबॉक्सला ड्रिलने भोकं पाडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. तो डबा रिकामा दिसतो, पण त्यातल्या हवेचं आकारमान ठरवलेलं असतं. त्यामुळे आत जाणाऱ्या हवेची लाट शांत होते आणि काही आरपीएमला मदतही होते. पावसाळ्यात घाट उतरताना पाणी कुठून शिरेल, याचाही विचार त्यात असतो.

फसवणारे डबे

चौथी ओळ बिलावर येते तेव्हा ती बरेचदा एखाद्या छोट्या डब्याची असते. वायर खोचा, टेपने गुंडाळा, झालं ट्यूनिंग. हे डबे करतात काय, ते समजून घ्या.

एक प्रकार हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडतात. बाहेर ३० अंश असताना तो ईसीयूला १० अंश सांगतो. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू सुमारे सात टक्के पेट्रोल वाढवतो. सगळीकडे सात टक्के. जिथे दोन हवे तिथे सात, जिथे बारा हवे तिथेही सात. वर ऑक्सिजन सेन्सर चालू असतो तिथे तो ही वाढ शोधून परत कापून टाकतो. दुसरा प्रकार ऑक्सिजन सेन्सरचीच वायर काढून त्या जागी खोटा सिग्नल देतो. म्हणजे गाडीचं उरलंसुरलं नाकही कापलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असून नसल्यासारखा, मायलेज गेलं ते गेलंच.

तिसरा प्रकार नावाने जास्त प्रतिष्ठित आहे: रीमॅप. लॅपटॉप जोडतात, पाच मिनिटांत फाइल चढवतात. ही फाइल कुठल्या गाडीवर बनवली? कुठल्या सायलेन्सरसाठी? कुठल्या पेट्रोलवर? समुद्रसपाटीला की पठारावर? विचारलंत तर उत्तर येतं, ‘आपली टेस्टेड फाइल आहे.’ दुसऱ्याच्या डोळ्यांचा नंबर तपासून बनवलेला चष्मा तुमच्या नाकावर ठेवून कुणी ‘टेस्टेड’ म्हणालं, तर तुम्ही काय म्हणाल?

मग खरं ट्यूनिंग कसं असतं?

ते कंटाळवाणं असतं. म्हणूनच त्याची रील बनत नाही.

आधी गाडी ठीक आहे ना हे बघतात: व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग, चेन, टायरमधली हवा, पाईपच्या जोडांची गळती. मग बेंड पाईपमध्ये वाइडबँड सेन्सर बसवतात. हा सेन्सर रेषेपासून किती दूर आहोत हे आकड्यात सांगतो. मागचं चाक डायनोच्या रोलरवर ठेवतात आणि बदल करण्याआधीचा आलेख काढतात. त्यानंतर तक्त्यातली एकेक चौकट. डायनो आरपीएम धरून ठेवतो, ट्यूनर थ्रॉटल धरून ठेवतो आणि आकडा वाचतो. १३ हवं होतं, १३.९ आलं. १३.९ ला १३ ने भागलं, १.०७. या चौकटीत सात टक्के पेट्रोल वाढवा. पुढची चौकट. तक्ता १६ बाय १६ चा असेल तर २५६ चौकटी. सगळ्यांवर थांबावं लागत नाही, पण महत्त्वाच्या प्रत्येकीवर लागतं. मध्ये इंजिन थंड होऊ द्यायचं. मग ठिणगीची वेळ. हवा भरण्याचं प्रमाण बदललं की तीही तपासावी लागते, आणि ताकद वाढणं थांबतं त्याच्या पुढे ती लोभाने पुढे सरकवायची नसते. शेवटी गाडी रस्त्यावर, सेन्सर लावूनच.

यात चौथीतला भागाकार आहे आणि आठवड्याभराचा धीर आहे. गूढ काहीही नाही. आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणारी, आज पंक्चर आणि ऑइल बदलण्यात अडकलेली हजारो मुलं हे शिकू शकतात. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. जुन्या मिस्त्रीचं ज्ञान प्लगच्या रंगात होतं, ते कार्ब्युरेटरबरोबर गेलं. नवं ज्ञान त्याच्या जागी यायला हवं होतं. त्याऐवजी आले डबे आणि फाइली. आपण एका कारागिराची जागा विक्रेत्याला देऊन टाकली.

आणि एवढं सगळं नीट केल्यावर मिळतं काय? तेही प्रामाणिकपणे सांगू या. रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या जुळ्या इंजिनाची ताकद ४७ हॉर्सपॉवर आहे. तिथे पाच टक्के वाढले तरी ते दोन-सव्वादोन. छोट्या सिंगल सिलिंडरला एक मिळाला तरी नशीब समजा. खरा फायदा वेगळा असतो: मधल्या आरपीएमचे खड्डे भरतात, थ्रॉटल गुळगुळीत होतो, इंजिन कमी तापतं, सायलेन्सर हलका असेल तर काही किलो वजन उतरतं. चालवणाऱ्याला हा फायदा रोज जाणवतो. पण जाहिरातीत तो भरत नाही, म्हणून त्याला पाच हॉर्सपॉवरचं नाव देतात.

कायद्याचा रोलर

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडतात, त्यांच्यावरून रोलर फिरवतात आणि फोटो छापून येतो.

रात्री दीड वाजता गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्याचा सायलेन्सर चिरडला गेला तर मला दुःख नाही. त्या गल्लीत तान्हं बाळ आहे, दमेकरी आजोबा आहेत, सकाळच्या पाळीला जाणारी बाई आहे. ‘लाउड पाईप जीव वाचवतात’ म्हणणाऱ्यांनी आवाज मागच्या बाजूला जातो आणि धोका बहुतेकदा पुढून येतो, एवढं तरी लक्षात घ्यावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकणाऱ्यांचीही बाजू मी घेणार नाही. तुमच्या एका हॉर्सपॉवरसाठी सिग्नलवर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात विष जायला नको. ट्रॅकवरची गाडी ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीत कॅट राहिलाच पाहिजे.

पण रोलर हे धोरण नव्हे. तो विकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, विकत घेणाऱ्याला चिरडतो. आणि धूर तपासायची आपली पद्धत पाहा. दुचाकीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना, आयडलवर होते. नेमकं तिथेच ऑक्सिजन सेन्सर सगळं सांभाळून घेत असतो. पूर्ण रेसवर काय निघतं ते त्या यंत्राला कधी दिसतच नाही. म्हणजे बिघडवलेली गाडी पीयूसीत पास, आणि मोजून, कॅट ठेवून, आवाज मर्यादेत ठेवून नीट ट्यून केलेली गाडी कायद्याने गुन्हेगार. सगळेच गुन्हेगार ठरले की प्रामाणिक माणूस पाटी लावायला घाबरतो. मग बाजारात उरतो कोण? ज्याला पाटीची गरजच नाही तो.

बाहेर याची उत्तरं शोधली गेली आहेत. कॅलिफोर्नियात बाहेरचा पार्ट धूर वाढवत नाही हे सिद्ध केलं की त्याला मान्यतेचा क्रमांक मिळतो. युरोपात बदली सायलेन्सरवर मान्यतेची खूण असते आणि तो रस्त्यावर चालतो. तिथे मोकळं रान आहे असंही नाही. अमेरिकेत प्रमाणित मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडू देणारे सुमारे ३,४०,००० ट्यूनर विकल्याबद्दल हार्ले-डेव्हिडसनने २०१६ मध्ये १.२ कोटी डॉलर दंड कबूल केला. तिथे पकडलं गेलं ते विकणाऱ्याला. आपल्याकडेही तपासून मान्यता मिळालेलं सीएनजी किट आरसीवर चढवून घेता येतं. मग मोजून मर्यादेत बसणाऱ्या सायलेन्सरला आणि मॅपलाही तसाच साधा, सामान्य माणसाला परवडणारा रस्ता हवा. वाहनं तपासणारी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत. हवा आहे तो निर्णय.

तोवर वाचकाच्या हातात काय आहे? प्रश्न आहेत. पुढच्या वेळी कुणी ‘स्टेज वन’ म्हणालं की विचारा: आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच दिवशी, एकाच डायनोवर काढून देणार का? आलेखात ताकदीच्या रेषेखाली हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची रेषा असेल का? कॅट जागेवर राहणार का? माझा मूळ मॅप जपून ठेवून मागितला तेव्हा परत चढवून देणार का? फिल्टर किती किलोमीटरला धुवायचा, हे लिहून देणार का? चारचौघांसमोर विचारा. ज्याला काम येतं तो खूश होईल, कारण असं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं. ज्याला येत नाही तो म्हणेल, ‘अरे भाऊ, आवाज तर ऐक आधी!’

तेव्हा पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या गॅरेजात जा.